टाइप वन मधुमेह असलेल्या मुलीसाठी मानसिक आधाराचे ॲप: कितपत विसंबावे?

प्रश्न: देवगडकर पालक

नमस्कार. माझी मुलगी अकरावीत आहे आणि तिला टाइप वन मधुमेह आहे, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही. आम्ही देवगड तालुक्यातील एका वाडीत राहतो; मधुमेहाचे डॉक्टर कोल्हापूरला असल्याने त्यांच्याकडे वरचेवर जाणे होत नाही. इन्सुलिनचे पेन, ग्लुकोमीटर, शुगर सतत मोजणारा दंडावरचा सेन्सर हे सारे ती स्वतः नीट सांभाळते, त्याबाबत काही म्हणणे नाही. मात्र गणपतीपासून ती गप्प झाली आहे. चाकरमानी घरी आले, उकडीचे मोदक झाले आणि तिच्या ताटाकडे पाहून कोणी कारल्याचा रस सुचवला, कोणी मेथ्या, तर कोणी तिच्या लग्नाची काळजी तिच्यासमोरच बोलून दाखवली. तेव्हापासून ती पंगतीला बसत नाही. शुगर किती आहे असे विचारले, तर "तुमच्या फोनवर दिसतेच ना" एवढेच उत्तर मिळते, कारण सेन्सरचे आकडे माझ्या फोनवरही येतात.

मुंबईच्या भाच्याने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे, गप्पा मारणारे एक ॲप सुचवले आहे. अशा ॲपचा मधुमेही मुलांना खरोखर उपयोग होतो का, आणि तिने तिथे लिहिलेले कोणाच्या हाती जाते? व्हिडिओवरून समुपदेशन घ्यावे असेही एकाने सांगितले, पण आमच्याकडे इंटरनेटची रेंज पडवीतच येते आणि तिथे आजी-आजोबा बसलेले असतात.

उत्तर: समुपदेशक, रत्नागिरी

ॲपकडे वळण्यापूर्वी एक धोका सांगतो, कारण सर्वसाधारण मानसिक आरोग्यासाठी बनवलेल्या ॲपमध्ये तो सहसा विचारात घेतलेला नसतो. शुगर लो झाली की हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडते आणि उगाच भीती वाटते; घबराटीच्या झटक्यातही जवळपास हेच होते. अशा वेळी मुलीने "मला खूप घाबरल्यासारखे होते आहे" असे लिहिले, तर ॲप तिला डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगेल, आणि शुगर ५८ असेल तर श्वास मोजण्यात गेलेला तो वेळ नेमका चुकीच्या कामी लागेल. म्हणून आधी आकडा पाहायचा. तो ७० च्या खाली असल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, आणि आकडा सावरल्यावरही भीती उरली तर मग मनाचा विचार करायचा. शुगर बराच वेळ चढलेली असतानाही चिडचिड होते, आणि घरचे लोक तिला स्वभावदोष समजतात.

आपण जे वर्णन केले आहे ते नैराश्य असेलच असे नाही. रोज मोजायचे, टोचायचे, प्रत्येक घासाचा हिशेब ठेवायचा आणि वर चार लोकांचे सल्ले ऐकायचे, याचा एक वेगळा शीण असतो. मधुमेहाचे डॉक्टर त्याला डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात. तो मोजण्यासाठी 'प्रॉब्लेम एरियाज इन डायबेटिस' ही २० प्रश्नांची प्रश्नावली वापरतात, तिच्यात १०० पैकी ४० किंवा अधिक गुण आले तर ताण गंभीर मानतात, आणि किशोरवयीनांसाठी तिची स्वतंत्र आवृत्ती आहे. पुढच्या खेपेस डॉक्टरांकडे तिची मागणी जरूर करा. मुलांच्या मधुमेहावर काम करणाऱ्या 'इस्पॅड' या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मानसिक स्थितीची विचारपूस हा नियमित तपासणीचाच भाग असायला हवा. प्रत्यक्षात शुगरच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा पाहून पुढचा रुग्ण आत बोलावला जातो. हा शीण उपचाराची आखणी बदलून आणि घरचे वळण बदलून कमी होतो, तर नैराश्याला मानसोपचार लागतो. ॲपला हा फरक करता येत नाही.

सौम्य काळजी आणि झोपेच्या तक्रारी यांवर विचारांची नोंद ठेवायला शिकवणारी ॲप काही प्रमाणात उपयोगी पडतात. पण त्यांचा भरवसा किती धरावा? वोबॉट हे या प्रकारातले नावाजलेले ॲप २०१७ मध्ये सुरू झाले आणि ३० जून २०२५ रोजी बंद झाले. मुलीला आधारासाठी एकच जागा असेल आणि तीही अशी बंद होणारी असेल, तर ती व्यवस्था अपुरी आहे.

रेंजच्या अडचणीवर उपाय टेलिमानस हा आहे. मानसिक आधाराची ही केंद्र सरकारची विनामूल्य फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. साधा फोन लागला की पुरे, इंटरनेट लागत नाही. बोलताना टाइप वन मधुमेह असल्याचे तिने सुरुवातीलाच सांगावे.

मात्र ती इन्सुलिन मुद्दाम टाळत असेल, वजन उतरत असेल, उलट्या किंवा खोल, जोरजोरात श्वास सुरू झाला असेल, तर तो रक्तात आम्ल वाढल्याचा इशारा असू शकतो. थेट रुग्णालय गाठावे. आणि जगणे नकोसे झाल्याचे तिने कधी सुचवले, तर तसे विचार येतात का हे तिला स्पष्ट विचारा. विचारल्याने तसा विचार मनात शिरत नाही. अशा काळात तिला एकटे ठेवू नका, इन्सुलिन मोठ्या माणसाने आपल्या ताब्यात ठेवून डोस समोर द्यावा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

उत्तर: गुहागरचा टाइप वन

काका, मला शाळेत असल्यापासून टाइप वन आहे. वरील सरांचे बहुतेक म्हणणे पटते, पण ॲपच्या बाबतीत त्यांनी जरा हात आखडता घेतला आहे. मध्यरात्री शुगर लो होऊन उठलो, साखर खाल्ली, आकडा वर आला, तरी पुढचे दोन तास झोप लागत नाही. पुन्हा खाली गेली आणि जाग आली नाही तर काय, ही भीती असते. त्या वेळी आईला उठवायचे नसते, कारण ती मग सकाळपर्यंत उशाशी बसून राहते. तेव्हा असे काही लिहून मोकळे व्हायला यंत्रही चालते. इन्सुलिनचा डोस मात्र त्याला कधीही विचारू नये.

माझ्या मते तिचा खरा प्रश्न आपल्या फोनवर येणाऱ्या आकड्यांत आहे. मित्राच्या घरी भजी खाल्ली की दहा मिनिटांत वडिलांचा फोन येणार हे ठाऊक असले की भजीही गोड लागत नाहीत आणि फोनही उचलावासा वाटत नाही. आकडे पाहायचे तर केव्हा बोलायचे, हे तिच्याशी बसून ठरवा: समजा, रात्री ७० च्या खाली गेल्यास उठवायचे, आणि दिवसा चढलेली शुगर तिची तिने पाहायची. सूचना कोणत्या आकड्याला वाजावी हे बहुतेक ॲपमध्ये बदलता येते.

शिवाय तिला तिच्यासारखे कोणीतरी भेटू द्या. आमच्या पंचक्रोशीत टाइप वन असलेला दुसरा मुलगा मला कधी दिसला नाही; सगळे भेटले ते ऑनलाइन. ब्लू सर्कल डायबेटिस फाउंडेशन मधुमेहींना मधुमेहींशीच जोडून देते. पावसात वीज गेल्यावर इन्सुलिन मातीच्या भांड्यात कसे गार ठेवावे, हे मला अशाच एका गटात कळले, आणि तिथे त्यावर कोणी हळहळले नाही.

उत्तर: परिचारिका, कुडाळ

माहितीच्या गोपनीयतेबद्दल थोडक्यात लिहिते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. जे ॲप वयच विचारत नाही, त्यापासून दूर राहिलेले बरे. ऑनलाइन डॉक्टरांसाठीच्या २०२० च्या नियमांनुसार अल्पवयीन रुग्णासोबत मोठे माणूस असावे लागते. तेव्हा सुरुवातीला आपण हजर राहा, ओळख पटली की डॉक्टरांच्या अनुमतीने उठून बाहेर जा. संमती आपण दिली म्हणून तिचे लिहिलेले वाचायचा हक्क मिळत नाही, हे तिलाही सांगा.

देवगडकर पालक

सर्वांचे आभार. काल तिच्याशी बोललो. रात्रीच्या सूचना ठेवायच्या आणि कॉलेजच्या वेळेत माझ्या फोनवरच्या बंद करायच्या, असे ठरले; अट तिची होती की पाहुण्यांसमोर शुगरचा विषय काढायचा नाही, आणि ती आजीलाही मान्य करायला लावली. ॲप तूर्त घेतलेले नाही, टाइप वनच्या गटात मात्र तिने स्वतः नाव दिले आहे. टेलिमानसला फोन करायला ती तयार आहे, पण घरून नाही. आमच्या सड्यावर, म्हणजे वरच्या मोकळ्या कातळावर, साधा फोन चांगला लागतो. तिथे तिने एकटीने जावे की नाही, यावर आमच्या घरात मतभेद आहेत.

उत्तर: गुहागरचा टाइप वन

जाऊ द्या, काका. खिशात ग्लुकोजचा पुडा आणि निघण्यापूर्वी एकदा शुगर तपासलेली, एवढे पाहा. चालल्याने शुगर खाली येऊ शकते, म्हणून परतताना पुन्हा एकदा.