मदत हवी आहे: जिवंत उंदराच्या फुफ्फुसाच्या इमेजिंगसाठी मेटल-जेट एक्स-रे स्रोत घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

एक्स-रे किंवा प्राण्यांच्या इमेजिंगमध्ये काम करणारं इथे कुणी असेल तर सल्ला हवाय. आमच्या पुण्याच्या लॅबमध्ये ब्लिओमायसिन हे औषध देऊन उंदरांच्या फुफ्फुसात फायब्रोसिस (चट्टे पडून ऊतक कडक होणं) घडवतात. मला तोच उंदीर जिवंत ठेवून दर आठवड्याला स्कॅन करायचाय. आजार एकाच जनावरात पसरताना दिसला तर दर टप्प्यावर नवे उंदीर मारावे लागत नाहीत. माझा सगळा आटापिटा त्यासाठीच आहे.

आमच्याकडे टंगस्टनची मायक्रोफोकस ट्यूब आहे, म्हणजे अगदी बारीक ठिपक्यातून (स्पॉट) एक्स-रे देणारी नळी. इलेक्ट्रॉन ज्यावर आदळून एक्स-रे निघतात ते घन टार्गेट वितळू नये म्हणून ढोबळमानाने स्पॉटच्या एका मायक्रॉनमागे एक वॅट इतकीच शक्ती देता येते. स्पॉट 10 मायक्रॉनचा ठेवला तर जेमतेम 10 वॅट मिळतात, आणि एक फ्रेम पुरी होईपर्यंत भूल दिलेला उंदीरसुद्धा श्वास घेऊन मोकळा होतो. डायफ्रामलगतची कड पुसट येते आणि चट्टे नेमके तिथलेच मोजायचे असतात. स्पॉट मोठा केला की वेळ वाचतो, पण फेज कॉन्ट्रास्ट (एक्स-रे किंचित वळल्याने मऊ ऊतकांच्या कडा उठून दिसणं) हातचा जातो. श्वासाशी गेटिंग केलं, म्हणजे श्वासाच्या ठरावीक क्षणीच फ्रेम घेतली, की चित्र सुधारतं, पण स्कॅन लांबतो आणि आधीच दमलेल्या जनावराला जास्त वेळ भुलीत ठेवावं लागतं.

म्हणून स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्र विद्यापीठातून पुढे आलेल्या मेटल-जेटकडे डोळे लागलेत. यात टार्गेट म्हणजे गॅलियम, इंडियम आणि कथिलाच्या द्रव मिश्रधातूची वेगवान धार. ती सतत नवी येत असल्याने वितळण्याची भीती नाही, आणि 20 मायक्रॉनच्या आसपासच्या स्पॉटवर 200 वॅटपर्यंत शक्ती देता येते.

माझी खरी शंका ऊर्जेबद्दल आहे. गॅलियमची मुख्य रेषा, म्हणजे त्याच्या एक्स-रेची ठरावीक ऊर्जा, 9.25 केईव्हीची (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट). उंदराच्या दोन-अडीच सेंटीमीटर शरीरातून ती जवळजवळ पार होतच नाही, नुसता कातडीला डोस बसतो. आम्हाला उपयोगी पडेल ती इंडियमची 24 केईव्हीची रेषा. मग इंडियम जास्त असलेला मिश्रधातू घेऊन, वर ॲल्युमिनियमचा फिल्टर लावून गॅलियमची रेषा कापल्यावर हाती उरतं किती?

डोसचंही तितकंच मनावर आहे. रेडिएशननेच फुफ्फुसात फायब्रोसिस होऊ शकतो, म्हणजे दर आठवड्याच्या स्कॅनने मी मोजतोय तोच आजार वाढवत बसेन. स्रोत प्रखर झाला की वेळ कमी होतो, डोस आपोआप कमी होत नाही. डोस कमी करण्यात फेज कॉन्ट्रास्टने प्रत्यक्षात किती फरक पडला, हे अनुभवातून कळलं तर फार बरं होईल.

इंदूरच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर (प्रखर एक्स-रे देणारा मोठा कणत्वरक) इमेजिंगची बीमलाइन आहे, हे माहीत आहे. पण आजारी उंदीर दर आठवड्याला पुण्याहून इंदूरला न्यायचे, हे मला पटत नाही. नैतिक समितीलाही पटणार नाही.

यंत्राचा प्रस्ताव महिनाअखेर द्यायचाय. इंडियमच्या रेषेवर जिवंत उंदरांचं काम कुणी केलं असेल, तर फिल्टरची जाडी, डिटेक्टर आणि एका फ्रेमला लागलेला वेळ एवढं जरूर सांगा.