पेशींना कोलेस्टेरॉल लागतं ना, मग एलडीएल रक्तातच का साचून राहतं?

तळजाई_सकाळ:
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय. माझा धाकटा भाऊ, वय ३८, अंगाने सडसडीत, रोज सकाळी तळजाई टेकडीवर चालायला जातो, बाहेरचं खाणं जवळजवळ नाहीच. ऑफिसच्या चेकअपमधे एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, २१८ आलं, बरंच जास्त. तीन महिने तूप, चीज, फरसाण सगळं बंद केलं आणि परत तपासलं तर २०४. आता तो म्हणतो एवढं करून काही होत नाही तर कशाला जिवाला त्रास. आमचे बाबा ४९ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, सिगरेट नाही दारू नाही, त्यामुळे आईच्या पोटात गोळा आलाय. डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी लिहून दिलीय पण ओपीडीत इतकी गर्दी की विचारायचं राहूनच गेलं. कोलेस्टेरॉल पेशींना लागतं असं शाळेत शिकलो, मग पेशी ते उचलत का नाहीत? आणि गोळी कोलेस्टेरॉल तयार होणं कमी करते म्हणतात, मग रक्तात आधीच असलेलं कुठे जातं?

कोथरूडकर:
माझं १५५ होतं, जवसाची चटणी, ओट्स आणि चालणं यावर १२८ वर आलं. भावाला अजून तीन महिने द्या, लगेच गोळी नको.

पेशीवाली:
कोथरूडकर, तुमचं कमी झालं हे चांगलंच, पण या घराला तोच सल्ला देऊ नका, वडील ४९ व्या वर्षी गेलेत. ताई, तुमचा पहिला प्रश्न अगदी बरोबर जागी आहे, सगळं तिथेच अडतं.

एलडीएल म्हणजे एक बारीक गोळा, आत तेलकट कोलेस्टेरॉल, वरून पातळ आवरण आणि त्याला गुंडाळलेलं एकच लांबलचक प्रोटीन, अपोबी-१००. पेशीच्या अंगावर जे एलडीएल रिसेप्टर, म्हणजे पकडणारे हातच, असतात ते हे प्रोटीन ओळखून गोळा पकडतात, मग तेवढा भाग खळगा होऊन आत ओढला जातो. आत आम्लता वाढली की रिसेप्टर गोळा सोडतो आणि परत वर येतो, ही फेरी साधारण १० मिनिटांची, एकच रिसेप्टर अशा शेकडो फेऱ्या मारतो. गोळा मात्र लायसोसोममधे, म्हणजे पेशीच्या पचवणाऱ्या पिशवीत, जातो, तिथे फुटतो आणि कोलेस्टेरॉल मोकळं होतं.

आता खरी गंमत पुढे आहे. कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की पेशी तीन गोष्टी करते, स्वतः बनवणं कमी करते, जास्तीचं साठवून ठेवते आणि नवीन रिसेप्टर बनवणं कमी करते. कमी पडलं की उलटं, एसआरईबीपी-२ नावाचं प्रोटीन केंद्रकात जाऊन रिसेप्टरचं जीन चालू करतं. म्हणजे रक्तात एलडीएल किती आहे हे पेशी बघतच नाही, ती फक्त स्वतःच्या पोटात किती आहे ते बघते. एमएस्सीला असताना मी हे डोळ्यांनी बघितलंय. एनसीसीएस या पुण्यातल्या पेशी-संशोधन संस्थेतून आणलेल्या लिव्हरच्या पेशी, काहींना रात्रभर लिपोप्रोटीन (एलडीएलसारखे गोळे) काढलेलं सिरम, म्हणजे रक्ताचा पातळ भाग, दिलं, काहींना नेहमीचं. दुसऱ्या दिवशी चमकणारा रंग लावलेलं एलडीएल घातलं. उपाशी ठेवलेल्या पेशींमधे केंद्रकाभोवती केशरी ठिपक्यांची गर्दी, भरल्या पोटीच्या पेशींमधे तुरळक. ४ डिग्रीला ठेवल्या तर सगळं पेशीच्या कडेलाच चिकटलेलं, ३७ डिग्रीला आणलं की ठिपके आत. मी कितीतरी वेळ मायक्रोस्कोपवरून डोळा काढला नव्हता.

गोळीचं उत्तर यातच आहे. स्टॅटिन एचएमजी-कोए रिडक्टेस हे कोलेस्टेरॉल बनवायला लागणारं एन्झाइम अडवतं, लिव्हरच्या पेशीला तुटवडा जाणवतो, ती जास्त रिसेप्टर वर आणते आणि रक्तातलं एलडीएल उचलते. रक्तातलं बहुतेक एलडीएल लिव्हरच साफ करतं, म्हणून एवढा फरक पडतो. हे सगळं ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी डॅलसमधे १९७३ पासून शोधलं, तेही ज्यांच्या पेशींवर हा रिसेप्टर नीट नाही अशा मुलांच्या त्वचेच्या पेशींवरून, १९८५ साली नोबेल मिळालं. भावाचं असंच काही असू शकतं, एक जीन आईकडून चांगलं, एक वडिलांकडून बिघडलेलं. तसं असेल तर खाणं कितीही सांभाळलं तरी आकडा थोडाच हलणार, दोष त्याच्या प्रयत्नांचा नाही हे त्याला नक्की सांगा.

तळजाई_सकाळ:
हे वाचून दाखवलं, तो बराच वेळ गप्प होता. पण उचललं गेलं नाही तर ते नुसतं फिरत राहतं ना, त्याने रक्तवाहिनी का बिघडते?

पेशीवाली:
नुसतं फिरत नाही ना. जितके दिवस जास्त फिरतं तितकं ते रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून अडकतं आणि तिथे त्याचं ऑक्सिडेशन होतं. असं बदललेलं एलडीएल मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातला कचरा गिळणाऱ्या पेशी, दुसऱ्याच रिसेप्टरने उचलतात, स्कॅव्हेंजर रिसेप्टर, आणि त्यांना पोट भरल्यावर बंद व्हायची सोयच नाही. त्या खातच राहतात, तेलाच्या थेंबांनी फुगतात आणि तिथेच भिंतीत थर बनतो.

निळी_पिशवी:
आमच्या घरात तीन पिढ्या हेच आहे म्हणून लिहितो. माझ्या काकांच्या टाचेच्या वरची शीर (रक्तवाहिनी नाही, पोटरीला टाचेशी जोडणारी दोरी) बोटभर जाड होती, आम्ही चपलेने घट्टा पडला असेल समजायचो, ते कोलेस्टेरॉल होतं. भावाची शीर दोन्ही पायांची चिमटीत धरून बघा, पापण्यांवर पिवळसर चट्टे आहेत का बघा, पण काही नसलं म्हणजे सुटलो असं नाही. दुसरं, आईवडिलांपैकी एकाकडून आलेलं असेल तर प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. माझ्या मुलाच्या वेळी एका ठिकाणी सांगितलं एवढ्या लहान वयात कशाला तपासता, आम्ही ऐकलं आणि सहा वर्षं वाया घालवली, याचं मला आजही वाईट वाटतं. ताई, भावाच्या मुलांची आणि तुमची स्वतःची तपासणी करून घ्या. गोळीने स्नायू दुखले तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, दुसरे पर्याय आहेत, पीसीएसके९ अडवणारी इंजेक्शनंसुद्धा आहेत.

पेशीवाली:
हो, पीसीएसके९ हे प्रोटीन रिसेप्टरला चिकटलं की तो वर परत येतच नाही, एलडीएलच्या गोळ्याबरोबर तोही नष्ट होतो. ते अडवलं की रिसेप्टर वाचतात.

तळजाई_सकाळ:
काल रात्री जेवण झाल्यावर त्याचे पाय मांडीवर घेऊन बघितले, डाव्या टाचेवरची शीर उजवीपेक्षा जाड लागतेय, आईने हात लावून बघितला आणि म्हणाली ह्यांचीही अशीच होती. शनिवारी त्याची मुलगी, वय ७, आणि मी दोघींचं रक्त द्यायला जातोय. गोळी त्याने कालपासून सुरू केली.