आहार-सर्वेक्षणातले 'सांबार' आणि 'बेसन'

प्रश्न (यवतमाळ): तालुक्यातल्या गावांत २४ तासांच्या आहाराची प्रश्नावली भरायची आहे. छापील मराठी पुण्याकडची: 'पिठलं', 'कोथिंबीर', 'वाटी'. हे शब्द बदलले तर बाकीच्या जिल्ह्यांशी तुलना बिघडेल का?

अमरावती: बिनधास्त बदला. तुलना ग्रॅमची होते, शब्दांची नाही. पदार्थाचा कोड (यादीतला क्रमांक) तोच ठेवा आणि विचारा मात्र गावच्या शब्दात.

खरा घात 'सांबार' करतो. आपल्याकडे विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. "भाजीत सांबार टाकला" हे ऐकून बाहेरच्या पोरानं इडलीसोबतचं सांबार लिहिलं, की चिमूटभर पाल्याची वाटीभर डाळ झाली! 'बेसन'चं तेच. डब्यातलं पीठही बेसन आणि भाकरीसोबत खातो ते पिठलंही बेसनच. कोरड्या पिठात १०० ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, शिजवलेल्यात बराचसा भाग पाणीच. कशात काय पोषण ते सांगणाऱ्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत (२०१७) ५२८ पदार्थ आहेत, पण बहुतेक कच्चे. म्हणून पीठ किती, तेल किती, खाणारे किती, हे स्वयंपाक करणारीलाच विचारावं लागतं.

आणि "काल काय जेवलात?" असं तर विचारूच नका. उत्तर येतं भाकर, वरण, भाजी, संपलं. चहा 'घेतात', वावरातली बोरं नि हरभऱ्याचे घाटे 'तोंडात टाकतात', ते जेवणात धरतच नाहीत. "काल उठल्यापासून आज उठेपर्यंत पोटात काय काय गेलं?" हे बरं.

अकोला: वाटीबद्दल. घरातलीच वाटी मागा, पाणी भरा, ते मोजपात्रात ओता. भाकरीला मात्र वजनकाटाच हवा. एकीची थापलेली दुसरीच्या दीडपट निघते.

यवतमाळ: इतकं प्रत्येक घरी करत बसलो तर दिवसाला चारही घरं होणार नाहीत.

अकोला: भाकरीचं वजन सगळीकडे नको. मोजक्या घरांत जेवण प्रत्यक्ष तोलून घ्या आणि त्याच माणसांच्या तोंडी उत्तरांशी ताळा लावा. फरक किती नि कुठल्या पदार्थात पडतो ते कळतं.

गोंदिया: ही सगळी भाकरीच्या मुलखाची चर्चा झाली. आमच्याकडे भात. तो दुसऱ्यांदा वाढून घेतलेला सांगायचा राहतो, मुद्दाम विचारा. अन् 'डाळ' ऐकली की तूर लिहू नका, लाखोळीही (लाखेची डाळ) असते.