डी अँड डी २०२४ : नुसतं नवं कव्हर? अजिबात नाही

वीस_बाजू (धागाकर्ता)

"जुन्याच पाचव्या आवृत्तीला रंगरंगोटी करून तीच तीन पुस्तकं परत विकायला काढली आहेत", असं परवा इथे कुणीतरी लिहिलं आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. पुस्तक उघडल्याची खूण त्यातल्या एकाच्याही लिहिण्यात नाही, म्हणून जरा सविस्तर. (नवख्यांसाठी: डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून टेबलावर पात्रं खेळवायचा खेळ; इथे बोलतोय ते त्याच्या २०२४ च्या नियमांबद्दल.)

२०१४ च्या नियमांत फायटरची (लढवय्या पात्राची) पाळी म्हणजे "मारतो, लागलं, आठ डॅमेज". आता वेपन मास्टरी आहे. फायटर पहिल्या लेव्हललाच तीन शस्त्रं निवडतो आणि प्रत्येकाचा गुण वेगळा. मॉलचा (मोठ्या हातोड्याचा) वार लागला की समोरच्याला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (काटकपणावर तगण्याचा फासा), हुकला की तो आडवा. ग्रेटसोर्डचा वार चुकला तरी स्ट्रेंग्थ मॉडिफायरएवढं (ताकदीच्या बोनसएवढं) डॅमेज होतंच. दरीच्या काठावरच्या ओगर राक्षसाला वॉरहॅमर लागला की तो सरळ दहा फूट मागे. त्याला सेव्ह नाही!

थकव्याच्या पायऱ्या सहाच आहेत, पण आता प्रत्येक पायरीला डी२० (वीस बाजूंच्या फाशा) वर वजा २ आणि वेग ५ फूट कमी. तक्ता उघडायला नको. जखमा भरणारं क्युअर वून्ड्स स्पेल १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) वरून २डी८ वर आलं. कॉन्ज्युअर ॲनिमल्स या स्पेलमधून आठ लांडगे आणून ड्रुइडने सगळ्यांचा वेळ खाणं बंद. आता एकच मायावी कळप आणि त्याच्या जवळ सापडणाऱ्याला एक डेक्स्टेरिटी सेव्ह.

सगळं सुटलं असं म्हणत नाही, पण आशा धरायला जागा आहे.

गुहेतला_कंदील

तुम्ही फायटरच्या खुर्चीतून बघताय, पडद्यामागून, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डीएमच्या जागेवरून, बघा. पाचव्या लेव्हलचा फायटर ॲक्शन सर्ज (पाळीत एक जादा कृती) लावून चार वार करतो. समोर वेगवेगळे शत्रू असले तर चार टू-हिट (वार लागला का ते बघायचे फासे) आणि वर चार सेव्ह. शिवाय शत्रू आडवा पडला की जवळच्याला ॲडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा), पण लांबून बाण मारणाऱ्या रेंजरला डिसॲडव्हांटेज (दोनांतला छोटा). एकाच्या मास्टरीने दुसऱ्याची पाळी वाया.

त्याहून वाईट म्हणजे लढाईचं नवं गणित. तिसऱ्या लेव्हलचे चार जण घ्या. 'लो' (सोप्या) लढाईचं बजेट माणशी १५०, म्हणजे ६०० एक्सपी (मॉन्स्टरचे अनुभव-गुण). लांडगा ५० चा, म्हणजे बारा लांडगे 'लो'मध्ये बसतात. जुन्या पद्धतीने त्याच ६०० ला संख्येसाठी तीनने गुणायचं, १८०० होतात. 'डेडली'ची हद्द होती १६००. त्यात नव्या लांडग्याचा चावा लागला की माणूस विनासेव्ह आडवा. पूर्वी निदान डीसी ११ चा (११ गाठायचा) स्ट्रेंग्थ सेव्ह मिळायचा. नवखा डीएम हे बजेट वाचून पार्टी मारून टाकेल.

वीस_बाजू

सेव्हचा वेळ वाचतो. ८ अधिक प्रोफिशिएन्सी (प्रावीण्याचा बोनस) अधिक मॉडिफायर, पाचव्या लेव्हलला बहुधा १५, हा आकडा पडद्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. खेळाडूने वाराचा फासा टाकला की तुम्ही त्याच वेळी सेव्हचा टाका. रेंजरचं म्हणाल तर फायटरने रेंजरच्या नंतर मॉल वापरावा, आधी दुसरं शस्त्र. टीमने ठरवायची गोष्ट आहे ती.

लांडग्यांचं मान्य, नाइलाजाने. पण डीएम गाइडमध्येच माणशी दोनपेक्षा जास्त मॉन्स्टर असले तर सांभाळा असं म्हटलंय. तेही सांगा ना.

शपथबद्ध

पॅलाडिनची (शपथबद्ध योद्ध्याची) वाट लावली त्याबद्दल कुणीच बोलत नाही! डिव्हाइन स्माइट (वारासोबतचा दैवी जादा मार) आता स्पेल, तेही बोनस ॲक्शनने (पाळीतल्या एका छोट्या कृतीने), म्हणजे पाळीत एकदाच. वर काउंटरस्पेल (दुसऱ्याचं स्पेल मोडणारं स्पेल) पडू शकतं. ही सुधारणा?

गुहेतला_कंदील

पूर्ण वाचा आणि मग चिडा. काउंटरस्पेललाही आता कॉन्स्टिट्यूशन सेव्ह आहे, सहाव्या लेव्हलपासून तुमचा ऑरा (भोवतीचं संरक्षण) त्यात करिश्मा घालतो, आणि सेव्ह हुकला तरी स्लॉट (स्पेलसाठी खर्चायचा साठा) जात नाही. दुसऱ्या लेव्हलपासून रोज एक स्माइट फुकट. एका पाळीत तीन स्लॉट ओतून बॉस संपवणं बंद झालं, एवढंच तुमचं दुःख आहे.

शपथबद्ध

हो, तेच दुःख आहे. पॅलाडिन त्यासाठीच घेतात.

बोरू

अवांतर, पण मला हेच महत्त्वाचं वाटतं. एप्रिल २०२५ मध्ये एसआरडी ५.२ (मूळ नियमांचा खुला मजकूर) क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आलं. श्रेय दिलं की भाषांतराची मुभा. बिहोल्डर, माइंड फ्लेअर हे मॉन्स्टर त्यात नाहीत, प्रत्येक क्लासचा (पात्राच्या प्रकाराचा) एकच सबक्लास आहे, पण नियम आहेत. मराठीत का आणू नये? एक्झॉशन म्हणजे थकवा, सरप्राइज्ड म्हणजे बेसावध, प्रोन म्हणजे चीतपट.

शपथबद्ध

चीतपट म्हणजे कुस्ती संपली! इथे अर्धा वेग खर्चून उठता येतं. शब्दाने नियमच चुकीचा कळेल.

बोरू

मग पालथा?

गुहेतला_कंदील

पालथा म्हटलं की पाठ वर. नियमाला तोंड कुठे आहे याच्याशी घेणं नाही. 'आडवा' ठेवा, बोलताना आपण तेच म्हणतो. आणि 'बचाव-फेक', 'जोड-कृती' असलं पाठ्यपुस्तकी मराठी कृपा करून नको. सेव्ह हा सेव्हच राहू दे.

बोरू

सेव्ह राहू दे, पण ॲडव्हांटेज का राहावं? 'दोन टाक, मोठा धर' म्हटलं तर दहा वर्षांच्या पोरालाही कळतं. डिसॲडव्हांटेजला 'दोन टाक, छोटा धर'. नियम नावातच आला.

गुहेतला_कंदील

पटलं. कागदावर लांब दिसेल, तोंडी चालेल. बेसावधही चांगला आहे, विशेषतः आता पहिली पाळी बुडत नाही, इनिशिएटिव्हच (पाळ्यांचा क्रम ठरवणारा फासा) दोन टाकून छोटा धरायचा, म्हणून.

शपथबद्ध

माझ्या स्माइटला हात लावू नका. ते नाव तसंच हवं.

वीस_बाजू

धागा कुठे गेला! असो. कंदील, तुमच्या लांडग्यांसाठी हे करून बघा. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांना आठच, दोन टोळ्यांत. पाच समोरून, तीन मागून तिसऱ्या राउंडला. जुन्या हिशेबाने एकदम आठ म्हणजे १०००, 'हार्ड'. टोळ्या तोडल्या की त्याहून सोपं पडतं.

गुहेतला_कंदील

समोरून चार. विझार्डला (जादूगाराला) चार लांडगे एकाच झोपेच्या स्पेलमध्ये मिळाले तरी चालतील, पाच नकोत. बाकी ठीक.