कोकणातल्या घराची पडवी बंद करून ऑफिस करावं का?

पागोळी

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमचं जांभ्याचं घर आहे. भिंती मातीत रचलेल्या, वर मंगलोरी कौलं, ओटी-माजघर शेणाने सारवलेलं. बाबा गेल्यापासून आई (वय ७१) तिथे एकटी राहते. मी औषधनिर्मितीच्या कागदपत्रांची भाषांतरं करते. सगळं काम लॅपटॉपवर, दिवसाला दोन-तीन कॉल. येत्या जूनपासून पुण्यातली भाड्याची जागा सोडून कायमची आईकडे चालले आहे.

कामाला जागा म्हणून मी पश्चिमेची पडवी धरली आहे. १८ फूट लांब, ७ फूट रुंद, बाहेरच्या कडेला वासे जेमतेम साडेपाच फुटांवर. गावात काम करणाऱ्या कंत्राटदाराने असं सुचवलंय: पडवीला ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा, आतून पीओपीचं छत, व्हिट्रिफाईड फरशी, जांभ्याला सिमेंटचा गिलावा, एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत प्लायवूडचं कपाट, आणि एसी. शिवाय सगळ्या घराची कौलं उतरवून रंगीत पत्रा.

पत्र्याचं कारण वानर. ते कारण खोटं नाही. गेल्या मे महिन्यात टोळी आली आणि एका दुपारी चाळीसेक कौलं फुटली. पाऊस तोंडावर, कौलं बदलायला माणूस मिळेना, शेवटी शेजारचा मुलगा वर चढला आणि आई शिडी धरून उभी राहिली. मी फोनवर होते, दुसरं काही करू शकत नव्हते. त्या दिवशीच ठरवलं की आता तिकडे जायचं.

तरीही हा सगळा बेत ऐकून मला धडधडतंय. लहानपणी पावसाळ्यात माजघरातल्या ट्रंकेवरही बुरशी यायची. या सगळ्या वस्तू बंद पडवीत चार महिने टिकतील का? आणि पत्र्यावर पाऊस वाजत असताना कॉल कसा घ्यायचा? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पैसे एकदाच खर्च करता येतील, दुसऱ्यांदा नाहीत.

रंधा_चिपळूण

ताई, मी सुतार. २६ वर्षं हेच काम करतोय. कपाटाबद्दल सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

जांभ्याच्या भिंतीला चिकटवून प्लायचं कपाट अजिबात नको. भिंतीतली ओल मागच्या पाठीला लागते, तिथे वारा नाही, दोन पावसाळ्यांत पाठ फुगते आणि वाळवी भिंतीतून थेट आत येते. अशी कपाटं मी स्वतः उचकटून काढली आहेत. आतले कपडे, कागद, सगळं गेलेलं असतं. प्लाय घ्यायचाच झाला तर आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघून घ्या. तो ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, चिकटलेले थर सुटत नाहीत. बाजारात 'कमर्शियल' म्हणून मिळतो तो एमआर, म्हणजे नुसती दमट हवा सोसणारा, पुण्याच्या फ्लॅटात चालेल, तुमच्याकडे नाही. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड तर घरात आणूच नका.

पण मी म्हणतो प्लाय कशाला? जुन्या घरात गोठ्यावर, माळ्यावर सागाच्या, फणसाच्या फळ्या पडलेल्या असतात. दाभणाने टोचून बघा, खाली पिठासारखा भुसा पडला तर कीड आहे, ती फळी सोडून द्या. बाकीची वापरा. आजीचं दूध-दुभत्याचं जाळीचं कपाट आठवतं का? चार पाय, सगळीकडून वारा. कागदांना, प्रिंटरला तसंच कपाट करा. पाय सहा इंच, भिंतीपासून तीन इंच लांब. खण कमीत कमी ठेवा, आणि ठेवलेच तर बाजूला दीड-दोन सूत (जवळपास पाव इंच) जागा सोडायला सांगा. मे महिन्यात घट्ट बसवलेला खण जुलैत फुगून अडकतो, मग माणसं ओढून मूठ तोडतात. समुद्र जवळ असेल तर बिजागऱ्या आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

जोतं

मी आर्किटेक्ट आहे, अशा घरांची दुरुस्ती करते. पडवी बंद करू नका, एवढं मी आग्रहाने सांगेन.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक पश्चिमेकडून तिरका येतो. संध्याकाळचं ऊनही तिकडूनच. तुमचे साडेपाच फुटांवर उतरलेले वासे हे दोन्ही अडवतात, म्हणून आतली मातीतली भिंत इतकी वर्षं उभी आहे. मुंबईत चार्ल्स कोरिया यांनी १९८३ साली कंचनजंगा इमारत पूर्ण केली. तिथेही हाच प्रश्न होता: समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, ऊन-पाऊसही पश्चिमेला. त्यांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याचा विचार उचलला आणि कोपऱ्यांत दोन मजली उंच गच्च्या कोरून खोल्या त्यांच्या आड ठेवल्या. २८ मजल्यांच्या इमारतीला जी गोष्ट मुद्दाम घडवावी लागली ती तुमच्याकडे आयती आहे. तिला काचा लावल्या की तीच जागा भट्टी होईल, मग एसी लागेलच.

गिलाव्याबद्दल. जांभा पाणी ओढतो आणि वाऱ्यावर सोडून देतो. सिमेंटने तोंड बंद केलं की जोत्यातून वर चढणारी ओल बाहेर पडत नाही, ती आणखी वर जाते आणि गिलावा क्षारांनी फुगून खपल्या पडतात. गिलावा करायचा तर चुन्याचा, एक भाग चुना तीन भाग वाळू, पातळ थरांत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड घेत हळूहळू कडक होतो, घाई चालत नाही. हाताशी कारागीर नसेल तर भिंत उघडी ठेवा, सांधे चुन्याने भरा. चांगला जांभा उघडा छान दिसतो.

कामाची जागा आत शोधा. नकाशा काढून टाकाल का?

माडाखाली

आमचं घर वेंगुर्ल्याजवळ. व्हिट्रिफाईड फरशी आम्ही घातली आणि पस्तावलो. पावसाच्या सुरुवातीला तिला इतका घाम सुटतो की सासूबाई दोनदा घसरल्या. आता स्वयंपाकघरात रेड ऑक्साईडचा कोबा केलाय. सात दिवस पाणी धरून ठेवलं, नंतर खोबरेल तेलाचा बोळा फिरवला. पायाला गार, पण असं निसरडं नाही.

वानरांसाठी: कौलं काढू नका. वाशांवर आधी पत्रा, त्यावर रिपा, रिपांवर तीच कौलं. कौल फुटलं तरी खाली पाणी येत नाही, आणि पाऊस कौलावर पडतो त्यामुळे पत्र्याचा तो ताशा वाजत नाही. वासे वजन घेतील का ते मात्र आधी बघून घ्या.

आणि पागोळी, एक विचारते. तुमच्या घरात भात कुठे ठेवायचे?

पागोळी

माडाखाली, तुमचा प्रश्न वाचून आईला फोन केला. ओटीच्या उत्तर टोकाला कोठीची खोली आहे, १० बाय ९. कणगी तिथेच असायची. शेत दुसऱ्याला करायला दिल्यापासून तिथे फक्त जुन्या गाद्या आणि नारळ. पडवीकडे गजांची एक खिडकी. आई म्हणाली, "अगो, तिथली जमीन लाकडी आहे, हातभर वर. खाली वारा खेळतो. भाताला कधी वास आला नाही." मी त्या घरात वाढले आणि ही खोली माझ्या यादीत नव्हती.

पण तिथे दिवसाही दिवा लागतो. आठ तास स्क्रीनसमोर बसायचंय.

माडाखाली

भात चार महिने कोरडा राहायचा ती घरातली सगळ्यांत कोरडी जागा. तुमचे कागद आणि लॅपटॉपही तिथेच राहतील.

जोतं

अगदी बरोबर. या खोलीवर माळा नसेल तर उत्तरेच्या उतारात दोन-तीन काचेची कौलं बसवा. तिथून येणारा उजेड दिवसभर जवळपास सारखा असतो. त्या जागी खाली पत्रा घालू नका, तेवढा भाग पारदर्शक शीटचा घ्या. टेबल खिडकीकडे तोंड किंवा पाठ करून नको, खिडकी डाव्या हाताला येऊ दे, म्हणजे स्क्रीनवर चकाकी येणार नाही. पीओपीचं छत सोडा, त्याच्या वर कौल फुटल्याचं कळतच नाही आणि कळतं तेव्हा छत खाली आलेलं असतं. तुळई, वासे डोळ्यांसमोर असलेले बरे.

रंधा_चिपळूण

आधी त्या फळ्यांखाली बॅटरी मारून बघा. वाळवीची मातीची नळी दिसली तर तिचा बंदोबस्त पहिला, टेबल नंतर. टेबल सगळे ३० इंच करतात. ताई, तुमची उंची किती?

पागोळी

पाच फूट एक.

रंधा_चिपळूण

मग २७. खुर्चीत बसून कोपर काटकोनात आलं की हात सरळ टेबलावर टेकला पाहिजे, खांदा वर उचलावा लागता कामा नये. आईंनाही बसवून बघा, त्या हिशेब लिहायला बसतीलच.

पागोळी

कंत्राटदाराला आज नाही म्हणून कळवलं. पडवी आहे तशीच राहील, आईचा झोपाळाही तिथेच. येत्या शनिवारी जाते आणि कोठी रिकामी करते. गोठ्यावर सहा फळ्या आहेत, आई म्हणते फणसाच्या. रंधादादा, फोटो टाकीन, त्यातल्या कुठल्या टेबलाला घ्यायच्या ते सांगा. खिळे राहिले असतील तर पात्याची काळजी घ्यायला इथल्या सुताराला आधीच सांगून ठेवते.