चित्र बिघडलं की ‘अडॅप्टर बदला’ हे एकच उत्तर किती दिवस देणार?

आडवी_चीर:
परवा एकाने विचारलं, रास्पबेरी पाय ४ या छोट्याशा कॉम्प्युटरवर सिनेमा लावला की चित्रात हिरवे-जांभळे चौकोन येतात, काय करू? लागोपाठ सगळ्यांचं एकच: अडॅप्टर बदला. बिचाऱ्याने बदलला. चौकोन जिथल्या तिथे. त्यावर उत्तर काय, तर "याहून चांगला घ्या." डोकं फिरलं म्हणून हे लांबण.

अहो, बिघाड कसला आहे ते आधी बघाल की नाही? हलत्या दृश्यात मधोमध आडवी चीर पडत असेल तर फ्रेम आणि पडद्याचा ताळमेळ नाही, डिकोडरचा, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाचा, संबंधच नाही. पडदाभर पांढरे ठिपके चमचमत असतील तर एचडीएमआय केबलकडे बघा, विशेषतः ४के ला सेकंदाला ६० फ्रेम असतील तेव्हा. मेन्यूसकट सगळंच गुलाबी-हिरवं? पाय रंग आरजीबीत पाठवतोय आणि टीव्ही ते वायसीबीसीआर या दुसऱ्याच रंगपद्धतीतले समजतोय. चित्र तिरकं कललेलं, ओळी सरकलेल्या? मग प्लेअर आणि ड्रायव्हर स्ट्राइड (मेमरीतली एका ओळीची लांबी) वेगवेगळा धरतायत.

राहिले चौकोन. एकतर डेटा खराब पोचतोय, नाहीतर डिकोडरला न झेपणारं काही त्याच्या गळ्यात मारलंय. एच.२६४ ही व्हिडिओ दाबायची पद्धत; तिचा १०-बिट (जास्त रंगछटांचा) प्रकार पायच्या हार्डवेअरला जमत नाही. प्लेअरने ते वेळेत ओळखलं तर ठीक, नाहीतर चित्राचा चिखल. एमपीव्ही या प्लेअरमध्ये हार्डवेअर डिकोडिंग बंद करून, म्हणजे काम सीपीयूवर टाकून, तोच तुकडा लावा. अडखळत का होईना, स्वच्छ दिसला तर अडॅप्टर निर्दोष. उलट सीपीयूवर भार टाकल्यावर वीज जास्तच लागते.

पाच_व्होल्टवाली:
निर्दोष सोडायची फार घाई झाली तुम्हाला. माझी यूएसबी हार्डडिस्क पायच्याच पोर्टवर चालायची. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की कर्नल लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींत, अंडरव्होल्टेजची ओळ पडते. पाय चालू राहतो, पण डिस्क मधेच सुटते, पुन्हा जोडली जाते, वाचताना चुका होतात. पडद्यावर काय? चौकोन! ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा नीट अडॅप्टर लावला आणि थांबलं. लोक फोनच्या चार्जरला बारीकशी केबल लावतात आणि पायला शिव्या घालतात.

आडवी_चीर:
तुम्ही लॉग बघून बदललात ना? मग माझ्याच बाजूच्या झालात.

पाच_व्होल्टवाली:
तुमच्या बाजूची नाही. लॉग मी नंतर बघितला. आधी अडॅप्टरच बदलला होता, आणि तेवढ्यानेच काम झालं.

ओएमएक्सचा_वारस:
खरं दुखणं कोणी बोलत नाही. २०२१ मध्ये पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमची बुलसाय आवृत्ती आली आणि ओएमएक्सप्लेअर हा जुना प्लेअर गेला. पाय ३ वर १०८०पी लोण्यासारखं चालायचं, एक कमांड, विषय संपला. आता केएमएस, व्ही४एल२, डीआरएम असल्या लिनक्सच्या भानगडी... आणि पाय ५ मधून तर एच.२६४ चा हार्डवेअर डिकोडरच काढून टाकला! जगातले निम्मे व्हिडिओ ज्यात आहेत तोच!

कोर_ए७६:
निम्मे कुठून मोजलेत? आणि रडगाणं पुरे. पाय ५ च्या प्रोसेसरचे चार ए७६ कोअर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, १०८०पी एच.२६४ त्यांना काहीच नाही. ४के एचईव्हीसी (एच.२६४ नंतरची पद्धत) साठी हार्डवेअर अजून आहेच.

ओएमएक्सचा_वारस:
माझा कॅमेरा ४के एच.२६४ देतो. ते कोण चालवणार, तुम्ही?

कोर_ए७६:
पाय ४ चा एच.२६४ डिकोडरही १०८०पी च्या पुढे जात नव्हता. जे कधी नव्हतंच ते हरवल्याचा गळा काढताय.

परवानाधारक:
हरवल्याचं म्हणाल तर आमचं ऐका. एमपीईजी-२ या जुन्या व्हिडिओ पद्धतीसाठी परवान्याची किल्ली (एक कोड) विकत घेतली होती, बोर्डाच्या सीरियल नंबरला बांधलेली. बोर्ड गेला की किल्ली गेली. मग पाय ४ मध्ये एमपीईजी-२ हार्डवेअरवर नाहीच. पैसे भरले त्याचं काय?

कोर_ए७६:
एमपीईजी-२ आता सॉफ्टवेअरवर झोपेत चालतं हो. दुखणं पैशांचं आहे, चित्राचं नाही.

परवानाधारक:
पैशांचंच आहे. तुमचे गेले नाहीत म्हणून शहाणपण सुचतंय.

आडवी_चीर:
धागा चौकोनांचा होता, कोणाला आठवतंय का?

पाच_व्होल्टवाली:
आठवतंय. आणि तुमच्या चाचणीत एक भोक आहे. सॉफ्टवेअर डिकोडिंगला स्वच्छ दिसलं म्हणजे दोष विजेचा नाही, असं होत नाही. दुसऱ्यांदा लावलेला तुकडा रॅममधल्या कॅशमधून, म्हणजे आधी वाचून ठेवलेल्या प्रतीतून, येतो, डिस्कला हातही लागत नाही. रीबूट करून लावा.

आडवी_चीर:
बरं बाई, रीबूट करून. चाचणीत घातलं. पण ‘आधी अडॅप्टर’ म्हणणाऱ्यांपैकी एकानेही ही पायरी सांगितली नव्हती, तुम्ही धरून.

ब्राउझरग्रस्त:
मधेच विचारतो, पाय ४ वर यूट्यूब अडखळतं तेही यातच येतं का?

आडवी_चीर:
नाही. यूट्यूब व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतींतला व्हिडिओ पाठवतं, दोन्हींना पाय ४ वर हार्डवेअर नाही. एच.२६४ मागायला लावणारं एक्स्टेंशन ब्राउझरमध्ये टाका.

ओएमएक्सचा_वारस:
बघा! शेवटी एच.२६४ च्याच पाया पडलात.

कोर_ए७६:
पाय ४ साठी! पाय ५ वर तुमची १०८०पी रेकॉर्डिंग एकदा लावून तरी बघा.

ओएमएक्सचा_वारस:
मित्राकडे लावली. चालली, एकही फ्रेम सुटली नाही, घ्या, झालं समाधान? पंखा मात्र असा घोंघावतो की सबटायटलं लावूनच बघावं लागतं.