लेकराचं पोट दुखायलं की तुमच्या घरी काय करायचे?

सेलूची लेक
शेजारच्या बाळंतिणीचं लेकरू दिवेलागणीला टाहो फोडायलं अन् मला माझी मोठी आठवली. मुठी आवळायची, पाय पोटाशी घ्यायची, तोंड लालबुंद. आई विड्याच्या पानाला एरंडेल लावून दिव्यावर धरायची, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, मगच पोटावर ठेवायची. वारा सरला की लेकरू मोकळं! तुमच्याकडं काय करायचे? लिहा गं.

मुपो उदगीर
हिंग. कोमट पाण्यात कालवून बेंबीच्या भोवतीनं.

परभणीकर
ओव्याची पुरचुंडी तव्यावर. शेकता शेकता सासूबाई अख्ख्या गावाची बाळंतपणं सांगायच्या, मलाच झोप लागायची.

लातूरची सिस्टर
लसीकरणाला येणाऱ्या बायांना मी हेच सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, दीड महिन्याला जोर धरतं, 3-4 महिन्यांत आपोआप सरतं. पाजलं की खांद्यावर घेऊन ढेकर काढा. हातावर पालथं धरा, पाय सायकलसारखे हलवा. वरून शेक चालतो, चटका नको. पण 6 महिने अंगावरचंच दूध. गुटी, ग्राईप वॉटर काही नको, मध तर वर्षाच्या आत बोटभरही नाही, बोट्युलिझम नावाच्या विषबाधेनं लेकरू लुळं पडतं. ताप, हिरवी उलटी, शीमधी रक्त, पीत नसेल, तर रात्र काढू नका, दवाखाना गाठा.

जालनेकर
मग मुरडशेंग, वेखंड? पणजीची सहाण आहे हो आमच्याकडं.

लातूरची सिस्टर
सहाण जपा ताई, चंदन उगाळा. उगाळलेलं किती पोटात गेलं ते कळत नाही, सहाण नीट धुतलेली नसली की जुलाब लागतात.

बीडचा बाप
बापानं लिहिलं तर चालतं ना? आमचा फटफटीच्या आवाजानं गप व्हायचा. आबा अंगणात चालू करून ठेवायचे, मी कडेवर घेऊन ओसरीत फेऱ्या मारायचो. बायकोला तेवढीच झोप. ती लई गरजेची असती.

हिंगोली
डागू मात्र नका कुणी. आमच्या नात्यातल्या पोराच्या पोटावर बिब्ब्याची खूण अजून आहे. बघितली की जीव तुटतो.

सेलूची लेक
अरे देवा. @बीडचा बाप, आबांना नमस्कार सांगा.

परभणीकर
कुणी लातूरला चाललंय का? बाळंतशोपा पाहिजे होता, नणंदेसाठी.

मुपो उदगीर
गंजगोलाईत मिळंल. मी शनिवारी जाणारे, किती आणू?